रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत

झोपेच्या तक्रारींवर लिहिलं की पायांबद्दलची पत्रं ठरलेलीच. कुणी लिहितं ‘पाय ओढतात’, कुणी ‘पोटऱ्यांत किडे वळवळतात’, कुणी ‘हाडांत काहीतरी सळसळतं’. शब्द वेगळे, आजार एकच : रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. आम्ही डॉक्टर त्याला आरएलएस म्हणतो. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, आणि १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी त्याला आजचं नाव दिलं. तरीही पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांनी ‘मनाचे खेळ आहेत’ हे ऐकत पाच-दहा वर्षं काढलेली असतात. म्हणून या वेळी सगळी प्रश्नोत्तरं पायांवरच घेतली आहेत.

प्रश्न : वय ४४, गृहिणी, सातारा. रात्री आडवं झालं की दोन्ही पोटऱ्यांत आतून वळवळतं. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या की थांबतं, पडलं की पुन्हा सुरू. ओढणीने पाय करकचून बांधून झोपते. घरचे म्हणतात, फार विचार करतेस म्हणून होतं. हा खरंच आजार आहे का?

उत्तर : आहे, आणि तुम्ही तो इतका नेमका सांगितलात की मला फारसं विचारायला उरलंच नाही. पाय हलवण्याची अनावर ओढ लागते. स्वस्थ बसलं किंवा पडलं की ती सुरू होते, चाललं की तेवढ्यापुरती कमी होते, संध्याकाळनंतर वाढते. एवढं जुळलं आणि दुसरं कारण सापडलं नाही, की निदान झालं. त्यासाठी एमआरआय लागत नाही. पायांची जळजळ किंवा बधिरपणा असेल, तर मधुमेह आणि नसांचा आजार मात्र तपासावा लागतो.

दोष तुमच्या पायांत नाही, तुमच्या स्वभावात तर मुळीच नाही. मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनाचं काम आणि लोहाचा साठा यांच्याशी हा आजार जोडलेला आहे, आणि तो बऱ्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आईला, मावशीला विचारून बघा. ‘रोज रात्री पाय दाबून घेतल्याशिवाय तिला झोप यायची नाही’ अशी कुणीतरी निघेल.

ओढणी मात्र आजच सोडा. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या पोटऱ्यांवर गाठीच्या जागी काळेनिळे वळ होते आणि खालची कातडी बधिर झाली होती. त्याऐवजी झोपण्याआधी पोटऱ्या ताणा, कोमट पाण्यात पाय बुडवा, कुणाकडून तरी चोळून घ्या. आणि फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. कुठली तपासणी मागायची, ते पुढे सविस्तर लिहितो आहे.

प्रश्न : मध्यरात्री पोटरीत गोळा येतो आणि कळवळून उठतो. हेच ना ते?

उत्तर : नाही. गोळा आला की स्नायू दगडासारखा कडक होतो आणि जीवघेणी कळ येते. आरएलएसमध्ये तसं होत नाही. वारंवार येत असेल तर फिजिशियनला दाखवा.

प्रश्न : ही पार्किन्सन्सची सुरुवात असते का? चिठ्ठीवरचं औषध मोबाइलवर शोधलं तर तेच आलं.

उत्तर : नाही. काही गोळ्या दोन्ही आजारांत वापरतात, एवढाच संबंध. पण घाबरून गोळी परस्पर बंद करू नका.

प्रश्न : वय ३८, शिक्षिका, नांदेड. हिमोग्लोबिन १२.६ आहे. डॉक्टर म्हणाले रक्त चांगलं आहे, लोहाचा काही प्रश्न नाही. मी हट्टाने फेरिटिन केलं, ते १९ आलं आणि लॅबने ‘नॉर्मल’ छापलं आहे. मग पाय का वळवळतात?

उत्तर : तुम्ही हट्ट केलात ते उत्तम केलंत. हे उत्तर जरा लांबणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त माणसं याच ठिकाणी अडकलेली असतात.

हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या खर्चाचं पाकीट, फेरिटिन म्हणजे लोहाची बँकेतली शिल्लक. शिल्लक संपत आली तरी शरीर आधी पाकीट भरत राहतं. रक्ताला लोह पुरवतं आणि बाकीच्या अवयवांची ओढाताण होते. त्यामुळे हिमोग्लोबिन १२-१३ असताना साठा तळाला गेलेला असू शकतो. मेंदूला डोपामिन तयार करायला लोह लागतं. आरएलएसच्या रुग्णांत मेंदूच्या काही भागांत लोह कमी असल्याचं एमआरआयवर आणि मृत्यूनंतरच्या तपासण्यांत, दोन्हीकडे दिसलं आहे. हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. १९५३ मध्येच स्वीडनच्या नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन या रुग्णांना आराम पडल्याचं लिहून ठेवलं होतं.

आता त्या ‘नॉर्मल’बद्दल. अनेक लॅबच्या कागदावर बायकांसाठी फेरिटिनची खालची मर्यादा १० ते १५ नॅनोग्रॅमच्या आसपास छापलेली असते. ती मर्यादा आरएलएससाठी ठरवलेली नाही. मोठ्या माणसाला आरएलएस असेल आणि फेरिटिन ७५ किंवा त्याखाली, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलं आहे, ते) २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह देण्याचा विचार करावा असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. तुमचं १९ आहे. कागदावर तांबडी खूण नाही म्हणून कुणी थांबलं असेल, तर ते चुकलं. माझ्यासमोर प्लॅस्टिकच्या फायलीत पाच-पाच वर्षांचे हिमोग्लोबिनचे रिपोर्ट नीट तारखेने लावून आणणारी माणसं बसतात. मी शेवटच्या कागदापर्यंत चाळतो आणि फेरिटिन एकदाही केलेलं नसतं. त्या पाच वर्षांच्या रात्री त्यांना कोण परत देणार?

तपासणी सकाळी उपाशीपोटी करा, आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नका. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना करू नका, कारण तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सांगायला विसरू नका.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं : हे वाचून मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणू नका. एक तर लोह गळतंय कुठून, ते आधी शोधावं लागतं. पाळीत जास्त जातं का, गर्भाशयात गाठ आहे का, मूळव्याध किंवा पोटात व्रण आहे का, वारंवार रक्तदान करता का. पन्नाशीच्या पुरुषाचं फेरिटिन कमी आलं तर आतड्याचा कर्करोग नाही ना, हे पाहिल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. दुसरं, थॅलेसेमियाच्या वाहकांचं हिमोग्लोबिन कमी असतं पण लोहाचा साठा पुरेसा, कधी जास्तही असतो. तिथे अंदाजाने दिलेलं लोह घातक ठरतं. गोळी सुरू झाली तर ती दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर घ्या. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय मोडा. चहातला टॅनिन लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. शौच काळी होईल, घाबरू नका. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. गोळी सोसत नसेल किंवा साठा भरत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण ते दवाखान्यात, देखरेखीखालीच. तुमचा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जा आणि ‘७५’ हा आकडा त्यांच्याशी बोला.

प्रश्न : वय ५१, बँकेत नोकरी, कोल्हापूर. झोप यावी म्हणून अधूनमधून सर्दीची गोळी घेतो. पूर्वी छान लागायची, हल्ली त्या रात्री पाय जास्तच छळतात.

उत्तर : गोळीच छळते आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा तशीच गुंगी आणणारी अ‍ॅलर्जीची औषधं असतात, आणि ती आरएलएस भडकवतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची अनेक औषधं आणि मानसोपचारातल्या काही गोळ्यांनीही हेच होतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. मनाच्या आजाराची गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. पाय वळवळणं परवडलं, नैराश्य उलटणं परवडत नाही. पर्याय मानसोपचारतज्ज्ञ देतील. संध्याकाळचा चहा-कॉफी आणि रात्रीची दारू बंद करून बघा, बऱ्याच जणांना तेवढ्यानेही फरक पडतो.

प्रश्न : वय ६३, निवृत्त, ठाणे. चार वर्षांपूर्वी प्रॅमिपेक्सॉल सुरू झालं आणि पहिल्याच रात्री जादू झाल्यासारखं वाटलं. आता डोस कितीतरी वाढलाय, तरी दुपारी चारलाच त्रास सुरू होतो आणि हातही वळवळतात. आणखी एक गोळी वाढवू का?

उत्तर : नाही, वाढवू नका. हा आजार वाढलेला नाही, औषध उलटलं आहे. त्रास दिवसात लवकर सुरू होणं, हातांत पसरणं आणि डोस वाढवला की काही दिवस बरं वाटून पुन्हा पहिल्यापेक्षा वाईट होणं, याला ऑग्मेंटेशन म्हणतात. प्रॅमिपेक्सॉल, रोपिनिरोल या डोपामिनसारखं काम करणाऱ्या गटातल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यावर ते बऱ्याच जणांत होतं. म्हणूनच अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांत या गोळ्या सरसकट वापरू नका असं सांगितलं आणि गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन या गटाला आणि योग्य रुग्णात शिरेतून लोहाला पुढे आणलं. त्या औषधांनीही गुंगी येते, तोल जातो, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो. म्हणून तीही शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घ्यायची नाहीत.

तुमची गोळी एकदम तोडलीत तर काही रात्री भयंकर जातील, तेव्हा ती टप्प्याटप्प्याने मेंदूविकारतज्ज्ञच कमी करतील. आणखी एक विचारतो, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही : गेल्या काही वर्षांत मोबाइलवर पैसे लावून रमी, अनावर खरेदी, असं काही सुरू झालंय का? या गोळ्यांनी तसं होऊ शकतं, आणि घरच्यांना वाटतं माणूस बिघडला. असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : चादरीखाली साबणाची वडी ठेवायची, तांब्याचं कडं घालायचं, असं कळलं. एका केंद्राने ‘नस मोकळी’ करायचं दहा बैठकींचं पॅकेज सांगितलंय, वर चुंबकाची गादी आणि बी-१२ ची इंजेक्शनं. घेऊ का?

उत्तर : नको. साबणाला आणि कड्याला आधार नाही. चुंबकाच्या गादीच्या पैशांत फेरिटिन अनेक वेळा करून होईल. या आजारात कुठलीही नस बंद झालेली नसते, तेव्हा ती मोकळी करण्याचे पैसे घेणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. बी-१२ कमी आहे असं तपासणीत दिसलं तर ते जरूर भरून काढावं, पण न तपासता इंजेक्शनांचा कोर्स टोचून घेणं हा उपचार नव्हे. मला राग पैशांचा येतो त्याहून जास्त वेळेचा येतो. दहा बैठका म्हणजे आणखी तीन महिने जागरण.

प्रश्न : आठवा महिना सुरू आहे. रात्री पाय हलवत बसावं लागतं. बाळाला काही होईल का?

उत्तर : पायांच्या वळवळीने बाळाला काही होत नाही. शेवटच्या तिमाहीत हे पुष्कळ जणींना होतं, आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत थांबतं. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फेरिटिन तपासायला सांगा. झोपेची किंवा पायांची कुठलीही गोळी त्यांना विचारल्याशिवाय नको. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला, तर ते वेगळंच काही असू शकतं. मग सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा रोज रात्री ‘आई, पाय दाब’ म्हणतो, वर्गात एका जागी बसत नाही. सगळे म्हणतात, वाढीचं दुखणं आहे.

उत्तर : असेलही. पण मुलांनाही आरएलएस होतो आणि कधी कधी तो ‘चंचल’ या शिक्क्याखाली दडून राहतो. बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मुलांत फेरिटिन ५० च्या खाली असेल तर लोहाचा विचार करतात. तोवर त्याला बसल्या जागी पाय हलवतो म्हणून रागावू नका. पाय हलवले की लक्ष्मी जाते, हे तर त्याला मुळीच ऐकवू नका.

प्रश्न : वय ६६, नाशिक. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जायचं आहे. पंधरा-सोळा तास विमानात बसायच्या कल्पनेनेच तिकीट काढायचं टाळते आहे. मागे एसटीने सोलापूरला जाताना प्रवासाची गोळी घेतली, तरी रात्रभर उभी होते.

उत्तर : बहुधा त्या गोळीमुळेच उभ्या होतात. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतात त्या बऱ्याच गोळ्यांत प्रोमेथाझिन असतं, आणि तेही सर्दीच्या गोळीसारखंच पाय भडकवतं. विमानात ती घेऊ नका. तिकीट काढताना मधल्या वाटेकडेची जागा मागून घ्या आणि मुलीलाही सांगा, म्हणजे ती बदलली जाणार नाही. उठून फिरा, मागच्या बाजूला उभं राहून पोटऱ्या ताणा. बसल्यावर डोकं गुंतेल असं काहीतरी हाताशी ठेवा, विणकाम किंवा शब्दकोडं; मन गुंतलं की वळवळ कमी होते. जायला निदान दोन-तीन महिने असतील तर आत्ताच फेरिटिन करून घ्या, म्हणजे लोह भरायला वेळ मिळेल. फक्त प्रवासापुरती एखादी गोळी द्यायची की नाही, ते तुमची साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंड पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. द्यायची ठरली तर ती आधी एकदा घरी, रात्री घेऊन बघा. पहिल्यांदा विमानात नको.