फिजिक्समध्ये पीएचडी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: मला विश्वरचनाशास्त्रातल्या थिअरीवर काम करायचंय, पण प्रवेश लेसरच्या लॅबमध्ये मिळतोय. घेऊ की वर्षभर थांबू?

‘थिअरीवाले जास्त हुशार’ हे थांबायचं कारण असेल, तर ते खूळ आधी डोक्यातून काढा. लेसरचा अतिलघु स्पंद (अगदी क्षणभर टिकणारा प्रकाशाचा झोत) थेट वाढवत नेला, तर त्याच्या तीव्रतेने यंत्रणाच खराब होते. म्हणून तो आधी ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी पुन्हा दाबायचा, ही युक्ती डॉना स्ट्रिकलंड यांनी पीएचडी करतानाच साधली. १९८५चा तो त्यांचा पहिला शोधनिबंध. २०१८चं नोबेल त्याच कामासाठी. मात्र आरसे जुळवण्यात किंवा व्हॅक्यूमची गळती शोधण्यात आठवडा गेला की तुमची चिडचिड होणार असेल, तर नकार द्या. खात्री नसेल, तर आधी तिथे एखादा छोटा प्रोजेक्ट करून बघा.

प्रश्न: गाइड नामवंत निवडावा की नवखा?

नावावरून ठरवू नका. ग्रुपमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना गाठा आणि स्पष्ट विचारा: थिसिस किती वर्षांत जमा झाला? अर्ध्यावर कोण सोडून गेलं आणि का? पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं? मोठ्या ग्रुपमध्ये रोजचं मार्गदर्शन बऱ्याचदा पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर असलेले संशोधक) करतात. ते चांगले असतील तर काही बिघडत नाही. नवा गाइड वेळ भरपूर देतो, पण त्याची स्वतःचीच नोकरी पक्की व्हायची असेल, तर घाई तुमच्याही मानगुटीवर बसते. अनुदान किती वर्षांचं आहे, हेही आधीच विचारा. त्यात संकोच कसला? आणि ग्रुपमधले जुने थिसिस चाळाल तेव्हा ऋणनिर्देशाचं पान सोडू नका. गाइडबद्दल तिथे एकच कोरडी ओळ दिसली, तर चौकशी वाढवा.

प्रश्न: कोडिंग यायलाच हवं का?

हो. पायथन आणि लिनक्सपासून सुरुवात करा. बाकीचं कामाच्या ओघात येतं.

प्रश्न: दोन वर्षं ज्यावर काम केलं, तोच निष्कर्ष काल दुसऱ्या ग्रुपने अर्काइव्हवर (प्रीप्रिंट, म्हणजे छापून येण्याआधीचे शोधनिबंध, जिथे टाकतात ती वेबसाइट) टाकला. आता?

आजच गाइडला सांगा. मग तो प्रीप्रिंट ओळ न ओळ वाचा. गृहीतकं तीच आहेत का? मापनातली अनिश्चितता किती? बऱ्याचदा शीर्षक सारखं निघतं, आत पद्धत वेगळी असते. तुमचा मजकूर तयार असेल, तर तोही लवकर टाका. त्यांच्या पेपरचा उल्लेख करा आणि तुमचं काम स्वतंत्रपणे झालंय हे नमूद करा. थिसिसमधलं प्रकरण यामुळे सहसा वाया जात नाही.

प्रश्न: पीएचडीनंतर शाखा बदलता येते का?

येते. रसेल हल्स यांनी विद्यार्थी असताना १९७४मध्ये जोसेफ टेलर यांच्यासोबत पहिला जोडपल्सर (दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीने फिरणारा, नियमित रेडिओ स्पंद पाठवणारा तारा) शोधला. पुढे खगोलशास्त्रात कायमची नोकरी मिळेल असं न वाटल्याने ते प्लाझ्मा भौतिकीकडे (विद्युतभारित कणांच्या वायूच्या अभ्यासाकडे) वळले. १९९३मध्ये पल्सरच्या त्या शोधासाठी नोबेल मिळालं, तेव्हा ते तिथेच काम करत होते.