शिबिराचा आठवा दिवस

प्रिय मुली,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दळणाचा डबा घेऊन गिरणीत उभी होते, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. एवढं मात्र कळलं की तुला एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, विद्यार्थी प्रतिनिधी केलंय, जानेवारीत सात दिवसांचं शिबिर आहे आणि तुझी झोप उडालीय. "मॅडम, मला स्टेजवर बोलता येत नाही, माझ्यात लीडरशिप क्वालिटीच नाही," असं तू दोनदा म्हणालीस. मी नुसतं "होईल गं" म्हणून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी नऊ वर्षं कार्यक्रम अधिकारी होते. नऊ शिबिरं झाली. समारोपाला घसा फोडून भाषण करणारी पोरं दरवर्षी असायची, टाळ्याही भरपूर घ्यायची. आज मागे वळून पाहते तेव्हा त्यांतल्या फार थोड्यांचे चेहरे आठवतात. जे आठवतात ते वेगळेच आहेत. त्यांच्याबद्दल सांगण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

तिसऱ्या वर्षीच्या शिबिराचं गाव लहान होतं. घराघरांतलं सांडपाणी रस्त्यावर यायचं, चिखल व्हायचा. आम्ही ठरवलं, शोषखड्डे घ्यायचे. आम्ही म्हणजे मी आणि माझे दोन सहकारी, स्टाफरूममध्ये चहा पिता पिता. गावात कुणाला विचारलं नाही, सरपंचांना तेवढं फोनवर कळवलं. साठ मुलांनी सात दिवसांत अकरा खड्डे घेतले. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, तेवढाच खोल. जमीन मुरमाड, पहारीला पहार तुटायची, पोरांच्या तळहातांना फोड आले. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर खडी आणि मधोमध बुडाला भोकं पाडलेलं मडकं, आत नारळाचा काथ्या. खरकटं, केस, साबणाचा गाळ त्या मडक्यात अडकतो आणि पाणी तेवढं खाली मुरतं. काम चोख झालं होतं. समारोपाला पाहुणे आले, फोटो निघाले, पेपरात चार ओळी आल्या.

जूनमध्ये मी दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेले. अकरापैकी आठ खड्डे तुंबले होते. पाणी पुन्हा रस्त्यावर, आणि खड्ड्यांवर साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. एका घराच्या ओट्यावर आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बाई, त्या मडक्यातला गाळ काढायचा असतो हे कुणी सांगितलं असतं, तर काढला नसता का आम्ही?"

आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. सात दिवसांत रोज बौद्धिक सत्र झालं, एकाचा विषय तर 'ग्रामविकासात युवकांची भूमिका' असाच होता. पण साठ मुलांपैकी आणि तीन प्राध्यापकांपैकी एकानेही कुठल्याही बाईला मडक्यावरचं झाकण काढून दाखवलं नाही की महिन्या-दीड महिन्याने हा काथ्या धुवा, सडला की बदला. ती आजी रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून मी शिबिर आठ दिवसांचं धरते. सात दिवस सरकारी कागदावरचे. आठवा म्हणजे महिनाभराने, बॅनर नसताना, एसटीने किंवा सायकलने तिथे परत जायचा दिवस. कुठल्या शिबिरात किती काम झालं हे मी पुढे त्या एका दिवसावरूनच ओळखायला लागले. आणि कोण नेता आहे तेही. तुला मनापासून सांगायचं आहे ते एवढंच: तुझी सगळी तयारी आठव्या दिवसापासून उलटी कर. त्या दिवशी कोण जाणार, काय बघणार, कुणाला भेटणार हे आधी लिही. मग पहिल्या दिवशी काय करायचं ते आपोआप ठरतं.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या साधारण ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक विशेष शिबिर, हा सांगाडा तुला पाठ असेल. तुमच्यातली काही मुलं ग्रेस गुणांसाठी येतील. त्यांना नावं ठेवू नकोस. गुणांसाठी आलेली कितीतरी मुलं माझ्याकडे कामासाठी टिकली. त्यांना नेमकं काम दिलं की ती टिकतात, नुसती प्रेरणा दिली की तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं.

शिबिराच्या आधी गावात निदान तीनदा जा. पहिल्यांदा काहीच नेऊ नकोस, प्रश्नावली तर मुळीच नाही. चाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म समोर धरला की माणूस सरकारी उत्तरं देतो. पाण्याच्या नळावर, अंगणवाडीच्या दारात, दूध डेअरीपाशी बस. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात ते लोकांना सारखे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लोकांकडूनच वदवून घ्यायचे. आपण त्यांचा खराटा तेवढा घेतला. स्वच्छता अभियानाच्या फोटोत तो दिसतो. प्रश्न विचारायची पद्धत मागेच राहिली, आणि तुझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या मुलीला तीच जास्त जमणार आहे.

आणि गावाच्या शेवटच्या वस्तीपासून सुरुवात कर. शिबिर बहुधा शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात उतरतं, पाहुणचार पाटलांच्या नाहीतर सरपंचांच्या घरी होतो, आणि सात दिवस मुलं त्याच दोन गल्ल्यांत राबतात. ज्या वस्तीत कुणी चहाला बोलवत नाही तिथे आपणहून जायचं, तिथल्या घरी बसून पाणी प्यायचं. या गोष्टी भाषणात सांगायच्या नसतात, पण तुझ्या गटातली मुलं तू कुठे बसतेस हे बारकाईने बघत असतात.

आता त्या मुलाबद्दल सांगते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, बोलताना अडखळायचा, त्यामुळे हजेरीलाही नुसता हात वर करायचा. सहाव्या शिबिरात आम्ही पाण्याची ओटी टेस्ट घ्यायचं ठरवलं. ही चाचणी शाळकरी पोरगंही करू शकतं. नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर नाही. शेवटच्या नळाला दशलक्ष भागांत निदान ०.२ भाग क्लोरीन उरायला हवं. मी हे काम त्याला दिलं, कारण यात बोलावं लागत नाही, असं मला वाटलं होतं.

त्याने एक दोनशेपानी वही घेतली. तारीख, वेळ, कुणाचा नळ, रंग कसा. टाकीजवळ गडद पिवळा, मधल्या गल्लीत फिकट आणि ओढ्याकाठच्या वस्तीत पाणी जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी आमची मुलं चिडली. ग्रामपंचायत टाकीत क्लोरीनची पावडर टाकत नाही, चला, जाब विचारू, मोर्चा काढू. तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता एकटाच टाकीवर गेला आणि पाणी सोडणाऱ्या काकांबरोबर उभा राहिला. काका इमानेइतबारे ती पावडर, म्हणजे टीसीएल, कालवून टाकत होते. मोर्चा काढला असता तर एका गरीब कर्मचाऱ्याच्या दारात काढला असता.

मग पाणी जातं कुठून ते बघायला दोघं पाइपलाइनच्या कडेने चालत निघाले. वस्तीच्या अलीकडे पाइप गटारातून गेला होता आणि एका सांध्याला गळत होता. नळाची वेळ संपली की पाइपातला दाब उतरतो आणि त्याच फटीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ती घाण क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून वस्तीत रंग येत नव्हता. शिबिर संपल्यावरही तो पोरगा सहा शनिवार सायकलने गेला आणि वही भरत राहिला.

पुढची गोष्ट नीट लक्षात ठेव, कारण इथे विद्यार्थी हमखास चुकतात. ग्रामसभा त्या गावच्या मतदारांची असते. आपण पाहुणे. तिथे उभं राहून आपण भाषण ठोकायचं नसतं, मग मुद्दा कितीही खरा असो. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांत जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. त्या वस्तीतल्या एका ताईंनी तो विषय महिला सभेत मांडला. त्यांच्या हातात वहीची पानं होती. हा मुलगा मागे भिंतीला टेकून उभा होता. ताईंनी एकदाही कुणावर आरोप केला नाही, नुसती पानं वाचली: अमुक तारीख, अमुक नळ, रंग नाही. सभा शांत झाली. पुढे ठराव झाला, ग्रामसेवकांनी तो लिहून घेतला. पाइपचे दोन तुकडे बदलायला दिवाळी उजाडली. दरम्यान तो चार वेळा ठरावाची प्रत घेऊन पंचायतीत गेला, आणि दरवेळी त्या ताई बरोबर होत्या.

तुझ्या मनातली लीडरशिप क्वालिटी कशी दिसते मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती वही येते.

माहितीच्या अधिकाराबद्दल तू विचारलं होतंस. हत्यार उत्तम आहे. केंद्राचा कायदा २००५ चा, पण महाराष्ट्रात आपण त्याआधी, २००२ लाच कायदा केला होता. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलेला साधा अर्ज, उत्तराला ३० दिवस. पण पहिल्याच दिवशी अर्ज करू नकोस. आधी जाऊन तोंडी विचार, मग साध्या कागदावर लिहून दे आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे. पोच घेतल्याशिवाय कुठल्याही ऑफिसातून बाहेर पडायचं नाही, ही सवय आत्ताच लाव. एवढं करून काम अडलं तर अर्ज. त्यात 'असं का केलं?' असं विचारू नकोस, त्याला उत्तर मिळत नाही. झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेची प्रत माग, ठरावाची प्रत माग, बिलाची प्रत माग. एका अर्जात एकच विषय.

गटात निर्णय कसे घ्यायचे यावर तुमचं आत्ताच वाजलंय, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. गडचिरोलीतलं धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुला माहीत असेल, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. मला त्या गावाची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. शिवाय त्यांचे अभ्यासगट आहेत. आधी समजून घ्यायचं, मग ग्रामसभेत ठरवायचं. शिबिराच्या धावपळीत प्रत्येक गोष्टीला हे जमणार नाही, भाजी कुठली करायची यावर सहमती शोधत बसू नका. पण काम कुठलं घ्यायचं हे हात वर करून ठरवू नकोस. हरलेल्या बाजूची मुलं सात दिवस फावडं टेकून उभी राहतात, हे मी पाहिलंय.

भांडी घासायच्या पाळीत तुझं नाव पहिल्या दिवशी असू दे. आणि मुलींना स्वयंपाक, मुलांना खोदकाम अशी वाटणी कुणी मांडली, मग ते सर असले तरी, तर शांतपणे "दोघांना दोन्ही" म्हण. हे मात्र ठामपणे म्हण. मुलींच्या राहण्याच्या खोलीला आतून कडी आहे का, संडासात दिवा आहे का, हे तू स्वतः आधी जाऊन बघून ये. मी एका वर्षी हे दुसऱ्यांवर सोडलं आणि दोन मुली तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. त्या पुन्हा कधी शिबिराला आल्या नाहीत.

एक खंत सांगते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यापासून कॉलेजच्या थेट निवडणुका गेल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली. पण मधल्या कितीतरी वर्षांत मुलांना मत मागायची आणि हरायची सवयच लागली नाही. तुलाही नेमलंच आहे. म्हणून पहिल्या बैठकीत सगळ्यांना विचार, मी हे काम करू का? कुणी नाही म्हणालं तर ऐकून घे, कारण विचार. आणि तुझ्या वर्गात अठरा पूर्ण झालेल्यांपैकी किती जणांनी नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरलाय तेही बघ. आता नावनोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, वर्षभर थांबावं लागत नाही. मतदार दिनाची रांगोळी काढणाऱ्या मुलांचीच नावं यादीत नाहीत, असं मी कितीदा पाहिलंय.

घरचे काय म्हणतात? आई नाराज आहे असं तू ओझरतं बोललीस. त्यांना एकदा त्या गावात घेऊन जा. माझ्याशी बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करायला सांग.

तुमचं गाव ठरलं की कळव. ओटीची बाटली आणि परीक्षानळ्या मी पाठवते, वही तू तिकडे घे. शोषखड्डे घेणार असाल तर आठव्या दिवसाची तारीख आधी सांग. त्या दिवशी मीही येईन, काथ्या घेऊन.

तुझी,
मॅडम