जुन्या सी लायब्ररीतील कास्ट: कोणते काढावेत, कोणते ठेवावेत

रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरात नमुने शोधणाऱ्या सूत्रांच्या) जुन्या सी लायब्ररीवर टाइप-रूपांतराच्या वॉर्निंग चालू करताच स्क्रीन भरून गेली, तर जागोजागी कास्ट (मूल्याचा टाइप सक्तीने बदलण्याची सूचना) घालून त्या बंद कराव्यात का, असे आपण विचारले आहे. करू नयेत. कास्टने चूक सुधारत नाही, कंपायलरचे तोंड तेवढे बंद होते. आधी प्रत्येक मूल्याचा टाइप ठरवला की बहुतेक कास्टची गरजच उरत नाही.

सुरुवात कॅर या एका बाइटच्या टाइपपासून करावी. साधा कॅर साइन्ड (उणे मूल्येही धरणारा) की अनसाइन्ड (उणे मूल्ये न धरणारा), हे भाषेने कंपायलरवर सोडले आहे. एक्स८६ प्रोसेसरवर तो सहसा साइन्ड असतो, आर्म लिनक्सवर अनसाइन्ड. अंधेरीच्या एका ऑफिसात आम्ही लोकलची स्थानके शोधणारा प्रोग्राम लिहिला होता. रोमन अक्षरांतल्या नावांवर तो बिनचूक चाले आणि ‘दादर’ टाकले की कोसळे. यूटीएफ-८ मध्ये ‘दादर’चे १२ बाइट होतात आणि पहिला बाइट असतो २२४. साइन्ड कॅरमध्ये तोच उणे ३२ होतो, आणि कोणीतरी वॉर्निंग घालवण्यासाठी केलेल्या अनसाइन्ड इंटच्या कास्टमुळे २५६ खणांच्या तक्त्यात ४२९४९६७२६४ क्रमांकाचा खण शोधला जात होता. येथे कास्ट हवाच होता, पण अनसाइन्ड कॅरचा, आणि तोही मजकूर आत येतो त्या एकाच जागी.

लांबीसाठी साइझ_टी हा अनसाइन्ड टाइप योग्य. मात्र जुळणीची स्थाने ठेवणारा रेगऑफ_टी त्यात बदलू नये, कारण नमुन्यातील न जुळलेल्या गटासाठी तेथे उणे १ असतो आणि अनसाइन्ड टाइपवर ‘शून्याहून लहान’ ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. जीलिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीमध्ये हा टाइप इंट आहे, म्हणून लांबी त्यात मावते का हे प्रवेशद्वारीच तपासावे आणि त्यानंतरच कास्ट करावा.

मेमरी मागणाऱ्या मॅलॉक फंक्शनपुढचा कास्ट, लायब्ररी सी++ म्हणून कंपाइल होत नसेल तर, बेलाशक काढावा. सी८९ या सीच्या जुन्या आवृत्तीत हेडर (फंक्शनची घोषणा असलेली फाइल) जोडायचे राहून गेल्याची चूक त्याच्याआड लपे आणि ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटरचा अर्धा भाग कापला जाई. कॉन्स्ट (‘हे मूल्य बदलू नये’ ही खूण) काढून टाकणारे कास्ट दिसतील तेथे बाहेरच्या फंक्शनपासून आतपर्यंत कॉन्स्ट नेत जावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्धवट सोडल्यास आणखी कास्ट वाढतात.

एका कमिटमध्ये (एका वेळी नोंदवलेल्या बदलात) एकच टाइप बदलावा, आणि चाचण्या कॅर साइन्ड ठेवून एकदा व अनसाइन्ड ठेवून एकदा चालवाव्यात. जीसीसी व क्लँग या दोन्ही कंपायलरांत त्यासाठी पर्याय आहेत. चाचणीच्या मजकुरात देवनागरी नावे अवश्य असू द्यावीत.