स्वप्नाची चिठ्ठी

डी अँड डीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं वठवत मिळून गोष्ट रचायचा खेळ) पहिल्यांदाच डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, होतोयस ना? मग एखाद्या पात्राला पडलेलं स्वप्न सगळ्यांसमोर वाचू नकोस. चिठ्ठीवर लिही, घडी घालून त्या एकाच खेळाडूच्या हातात दे. ‘विहिरीत तुझा भाऊ उभा आहे, पण अंग कोरडं आहे.’ बस, एवढंच. तो वाचून चिठ्ठी खिशात टाकतो, तेव्हा बाकीच्यांचे चेहरे बघ! अधूनमधून एखाद्याला कोरी चिठ्ठीही दे, म्हणजे खरी कोणती ते कळणार नाही.

गुपितं मात्र जपून. १९८४च्या ‘पॅरानोइया’ या अशाच खेळात प्रत्येक पात्र छुपं म्युटंट आणि गुप्त संघटनेचं सभासद असतं, तिथे दगाफटका हीच गंमत. डी अँड डीच्या लांबलचक मोहिमेत ते पचत नाही. आमच्या टेबलावर एका खेळाडूच्या चोर-पात्राने सोबत्यांचंच सोनं ढापलं आणि ती मोहीम तिथेच मोडली. (तो खेळाडू मीच होतो.) म्हणून दोन-तीन बैठकांत फुटेल असंच गुपित दे.