नीटचा अभ्यास आणि नव्वद किलोची डेडलिफ्ट

प्रश्न : मॅडम, आम्ही उदगीर तालुक्यातले. मुलगी लातुरात अकरावी सायन्सला आहे, नीटची शिकवणी लावली आहे, हॉस्टेलला राहते. वर्षभरापासून पहाटे जिमला जाते. तिचं वजन 61 किलो, आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, 90 किलोची करते म्हणे. तिथले सर म्हणतात, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेला उतरवा. तिचे वडील चिडलेत : डॉक्टर व्हायला पाठवलंय, वजनं उचलायला नाही. सासूबाईंना तिचे खांदे बघून लग्नाची काळजी. मला तिचं मन मोडवत नाही. यात काही भविष्य आहे का? पुढे बाळंतपणाला त्रास होईल का? – एक आई

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण घरातला निम्मा विरोध तिथूनच येतो. व्यवस्थित शिकून वजन उचलल्याने गर्भाशयाला इजा होते, मूल राहत नाही, हे खरं नाही. कर्णम मल्लेश्वरी यांनी सिडनीच्या 2000 च्या ऑलिंपिकमध्ये 69 किलो गटात एकूण 240 किलो उचलून कांस्यपदक जिंकलं. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. हे सासूबाईंना जरूर सांगा.

धोका दुसरीकडे आहे, आणि तो ताटात आहे. पहाटे व्यायाम, दिवसभर क्लास, आणि जेवणाला मेसचं पातळ वरण, असं चाललं तर शरीर थकतं, पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं कमजोर होतात. पाळी तीन महिने आली नाही तर 'व्यायामामुळे असेल' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या. ताकदीच्या खेळात शरीराच्या किलोमागे साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तिला रोज शंभर ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस, तेवढ्याच सोयाबीन वडीत पन्नास. भाकरी, तुरीचं घट्ट वरण, दही, उसळ, अंडी यांतून बरंच भागतं. शनिवारी डबा पाठवता तेव्हा भाजलेले शेंगदाणे, फुटाणे भरपूर द्या. जिममधून कुणी पावडरचा डबा किंवा इंजेक्शन सुचवलं तर ठाम नाही म्हणा. सप्लिमेंटमध्ये बंदी असलेला पदार्थ निघाला तर 'मला माहीत नव्हतं' म्हटल्याने खेळाडू सुटत नाही. आणि खालच्या वजनी गटात बसवायला तिला उपाशी ठेवू देऊ नका. या वयात तिने आहे त्या वजनावरच खेळावं.

आता भविष्याचं. तिचे सर म्हणतात ते पॉवरलिफ्टिंग म्हणजे स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून वजन वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट. मल्लेश्वरी आणि मीराबाई चानू यांचा खेळ वेटलिफ्टिंग, त्यात वजन डोक्यावर न्यायचं : स्नॅचमध्ये एका दमात, क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर, मग डोक्यावर. दोन्ही खेळ कष्टाचेच, पण ऑलिंपिकमध्ये फक्त वेटलिफ्टिंग आहे. माझं मत स्पष्ट आहे : शिकवणारा माहीतगार प्रशिक्षक मिळत असेल तर तिला वेटलिफ्टिंगकडे वळवून पाहा. पुष्कळ मुली बारा-चौदाव्या वर्षीच सुरू करतात, त्या हिशेबाने तिला उशीर झालाय. पण 90 किलो जमिनीवरून उचलणाऱ्या मुलीकडे पाया आहे, तंत्र मात्र पहिल्यापासून शिकावं लागेल. सुरुवात मुलींच्या 15 किलोच्या बारने (वजनं अडकवायच्या लोखंडी दांड्याने), कधी नुसत्या काठीने. तिला ते कंटाळवाणं वाटेल, तरी करू द्या.

प्रशिक्षक मिळाला नाही तर पॉवरलिफ्टिंग खेळू द्या, पण प्रमाणपत्राकडे डोळे उघडे ठेवून. या खेळात मिळत्याजुळत्या नावांच्या बऱ्याच संघटना आहेत. फी घेऊन 'राज्यस्तरीय', 'राष्ट्रीय' असं छापलेला कागद मिळतो आणि नोकरीच्या वेळी तो चालत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून होते, आणि पद जितकं वरचं तितकी स्पर्धाही वरच्या पातळीची लागते. ते विभागीय कार्यालय लातूरलाच आहे. पैसे भरण्याआधी तिथे किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे विचारा : ही स्पर्धा आरक्षणासाठी धरली जाते का? शालेय स्पर्धेत 19 वर्षांखालील गटात आमची मुलगी कधी उतरू शकते? तिच्याकडे अकरावी आणि बारावी अशी दोन वर्षं आहेत, म्हणून चौकशी आत्ताच करा.

खेळातून पोट भरतं का? आपल्याच धाराशिवच्या सारिका काळे खो-खो खेळल्या, भारताच्या कर्णधार झाल्या, 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवला आणि तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. मीराबाई मणिपूर पोलिसांत अधिकारी आहेत. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं खेळाडू घेतात. तरी मी तुम्हाला केवळ याच्या भरवशावर राहायला सांगणार नाही. एका दुखापतीने सगळं थांबू शकतं, म्हणून बारावी आणि नीट सोडायची नाही.

तिच्या वडिलांना मात्र एक गोष्ट नक्की सांगा. राज्यात फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो, आणि त्याला एमबीबीएसएवढे गुण लागत नाहीत. स्वतः बार उचललेली फिजिओथेरपिस्ट खेळाडूचं दुखणं जास्त चांगलं ओळखते. एमबीबीएस मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर 'वर्ष रिपीट' हा एकच रस्ता उरत नाही. अभ्यासाच्या दिवसांत आठवड्याला चार वेळा, दीड-दीड तास सराव पुरे. झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. परीक्षेच्या आधीचे दोन महिने सराव निम्म्यावर आणा, पूर्ण बंद करू नका.

स्पर्धेच्या कपड्यांवरून घरात वाद होईल, तयार राहा. वेटलिफ्टिंगचा पोशाख अंगाला घट्ट असतो. पण 2011 पासून त्याच्या आत हातपाय झाकणारा अंगाबरोबरचा पोशाख घालायला आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगी आहे. काय घालायचं ते मुलीला ठरवू द्या.

खांद्यांबद्दल सासूबाईंशी भांडू नका. रुंद खांदे दोष नाही, आणि ज्या घराला तो दोष वाटेल तिथे ही मुलगी द्यायची घाई तुम्हालाही नसावी. पण हे तिच्यासमोर बोललं जाऊ नये एवढं बघा. सतराव्या वर्षी घरच्यांच्या तोंडून ऐकलेल्या अशा वाक्यांपायी मुली जेवण तोडतात.

येत्या सुट्टीत तिच्या वडिलांना सोबत घेऊनच लातूरला जा. आधी जिल्हा क्रीडा कार्यालय, मग तिची जिम. ती बार उचलते तेव्हा बाजूला कोण उभं असतं, पाठ सरळ ठेवायला कोण सांगतं, मुलींना वेगळी कपडे बदलायची जागा आहे का, हे दोघांनी डोळ्यांनी पाहा. यात कमी वाटलं तर जिम बदला, खेळ नको. आणि पहिली स्पर्धा ठरली की मला तारीख आणि आयोजक संस्थेचं नाव लिहून कळवा, प्रमाणपत्राचं मी पाहून सांगते.