कैरी बघून तोंडाला पाणी सुटतं, त्यात चरबीचं काय काम?

प्रश्न: ताई, आमच्या देवगडात सध्या कैऱ्यांचे दिवस, मीठ-मसाला लावलेली फोड नुसती समोर आली तरी तोंडाला पाणी सुटतं. मुलगी बीएस्सीला आहे, ती म्हणते लाळ सुटण्यात पेशीच्या आवरणातल्या चरबीचा हात असतो. सासूबाईंनी ते ऐकलं नि लगेच, "वाटपातलं खोबरं कमी केलंस म्हणूनच माझं तोंड कोरडं पडतं!" खरंय का हे?
– एक वाचक, देवगड

उत्तर: लेक बरोबर बोलतेय, सासूबाईंचं काही जमलं नाही. पेशीच्या आवरणात फॉस्फोलिपिडचे, म्हणजे एका प्रकारच्या चरबीचे दोन थर असतात आणि त्यात पीआयपी-टू नावाचं एक लिपिड, म्हणजे चरबीच, असतं, अगदी थोडंसं, पण सगळी करामत त्याचीच. कैरी जिभेवर आली की मेंदूकडून निरोप निघतो, नसेच्या टोकाला ॲसिटिलकोलिन नावाचं निरोप्या रसायन सुटतं, ते लाळग्रंथीच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि मग एक एन्झाईम ह्या पीआयपी-टूचे दोन तुकडे करतं. एक तुकडा आवरणातच राहतो, दुसरा म्हणजे आयपी-थ्री, तो आत जाऊन कॅल्शियमचा साठा उघडतो. कॅल्शियम वाढलं की पेशीतलं क्लोराईड लाळेच्या नळीकडे सुटतं, मागोमाग सोडियम, आणि मीठ गेलं की पाणी जातंच, फोडींना मीठ लावून ठेवलं की कसं पाणी सुटतं, तसंच.

याचा पहिला धागा 1953 मध्ये होकिन या शास्त्रज्ञ दांपत्याला सापडला, तोही कबुतराच्या स्वादुपिंडात. पुढे केंब्रिजचे शास्त्रज्ञ मायकेल बेरिज यांनी चक्क माशीच्या (मासळी नव्हे हो, घोंघावणारी माशी!) लाळग्रंथीवर काम केलं, आणि आयपी-थ्री कॅल्शियम सोडतं हे 1983 मध्ये सिद्ध झालं. माशीत निरोप सेरोटोनिन देतं, पुढची साखळी तीच.

आता खोबरं. पीआयपी-टू पेशी स्वतःच तयार करते, तुटलं की परत जोडते, त्यामुळे वाटप पातळ केलं म्हणून लाळ आटत नाही. सासूबाईंच्या गोळ्या बघा आधी. ॲलर्जीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या नेमका तोच ॲसिटिलकोलिनचा रिसेप्टर अडवतात, लघवी जास्त करवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनीही तोंड सुकतं. परस्पर बंद मात्र करू नका, डॉक्टरांना दाखवा, शुगरही तपासून घ्या. आणि तोंड ओलं राहावं म्हणून त्या दिवसभर कैरी चघळत बसत असतील तर तेवढं थांबवा, लाळ कमी असताना आंबटाने दातांचं इनॅमल लवकर झिजतं.