अनकम्फर्टेबल असणं ही मराठी थिंग आहे का

अनू,

परवा तू विचारलंस ना, "आई, अनकम्फर्टेबल असणं ही मराठी थिंग आहे का?", तेव्हा मी डिशवॉशर लावत होते आणि "काहीतरीच काय" म्हणून तुला उडवून लावलं. पण लागलं गं ते मला. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

तुझी मैत्रीण राहायला आली होती, दहा दिवस आधीपासून तुमचं प्लॅनिंग चाललं होतं, आणि साडेदहाला तिनं तिच्या आईला फोन केला की इथं खूप गरम होतंय, मला झोप येत नाही. ती गाडीत बसून गेली आणि तू नाईट ड्रेसमधे दारात उभी. थर्मोस्टॅटवर 82 फॅरनहाइट. ते मीच केलं होतं, जेवणं झाल्यावर, कुणाला न विचारता, जाता जाता लाईट बंद करतो तसा हात जातो माझा. सॉरी. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं सफाई दिल्यासारखं वाटेल. तशी थोडी सफाई आहेच म्हणा.

मराठीत लिहितेय कारण इंग्लिशमधे हे मला जमत नाही, लेक्चर होतं त्याचं. तू रविवारच्या शाळेत जोडाक्षरांपर्यंत आलीयेस, अडलं तर बाबाला विचार. तो मधे मधे कॉमेंट करेल, दुर्लक्ष कर, तो 74 च्या पार्टीतला आहे.

82 म्हणजे सेल्सिअसमधे 28 पण पूर्ण नाही. सांगलीत एप्रिल-मे मधे दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो. 28 म्हणजे आमच्याकडे रात्री गच्चीवर आडवं पडून "हां, आता जरा बरं वाटतंय" म्हणायचं तेवढं. माझ्या अंगात ते बसलंय. 74 ला मला मोजे घालावेसे वाटतात.

गावभागातल्या आमच्या त्या दोन खोल्या तू पाहिल्या नाहीस, तू जन्मायच्या आधीच वाडा पाडला. पुढची खोली जाड भिंतींची, दुपारी पण गार. मागं पत्र्याचं स्वयंपाकघर, तो पत्रा दुपारी बारानंतर असा तापायचा की खाली उभं राहिलं तर टाळूवर कुणी इस्त्री धरलीये असं वाटायचं. पंखा एकच, पुढच्या खोलीत. रेग्युलेटर पाचवर केला तरी वारा तीनचाच यायचा, आवाज तेवढा पाचचा. सकाळी दहाला खिडक्या-दारं बंद, मधे अंधार, आणि सहा वाजेपर्यंत उघडायचं नाव नाही. तू मला म्हणतेस ना की आपलं घर दिवसा गुहेसारखं का असतं, ब्लाइंड्स का खाली, ते तिथून आलंय.

आणि मग सहा वाजता गच्ची. हे मात्र मला नीट सांगायचंय. मी आणि बापूमामा खालच्या हौदातून बादल्या भरून वर न्यायचो, बावीस पायऱ्या, आणि गच्चीवर ओतायचो. पहिली बादली ओतली की फरशी चर्रर करायची आणि गरम वाफ सरळ तोंडावर, म्हणजे पाणी मारल्यावर आधी जास्तच उकडायचं. बापूमामा दरवर्षी म्हणायचा "उगं मरायला आलोय आपण." दुसऱ्या बादलीला वास यायचा, ओल्या चुन्याचा का शेवाळाचा देव जाणे. आणि चौथ्या-पाचव्या बादलीनंतर कधीतरी फरशी गप्प व्हायची. मग अनवाणी पायानं फिरून बघायचं कुठं अजून गरम लागतंय, तिथं परत तांब्यानं. मालकीणबाई आक्का खालून बादल्या मोजायच्या, "झाल्या गं सात!", सातच्या वर परवानगी नव्हती.

रात्री सगळ्या वाड्याच्या गाद्या वर. कुणी कुठं झोपायचं हे ठरलेलं, नदीकडची कडा आबांची. लांब आयर्विन पुलावरून जाणाऱ्या ट्रकचे आवाज यायचे. एक-दोनच्या सुमाराला कृष्णेवरून वारा सुटायचा आणि पहाटे चक्क चादर ओढावी लागायची. कधी मे च्या शेवटी रात्री अचानक वळीव यायचा, टपोरे थेंब, आणि पंधरा माणसं गाद्या गुंडाळून त्या एका अरुंद जिन्यात, कुणाची उशी कुणाकडं, शैलामावशी एकदा आक्कांच्या अंगावर गादीसकट पडली होती. तुझी स्लीपओव्हर मोडली तेव्हा मला तेच आठवत होतं, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं. आमची रोज स्लीपओव्हर असायची की गं.

पण हे मी इथे कसं सांगू, फिनिक्समधे. पहिल्या वर्षी मी आणि बाबा हौसेनं मागच्या पॅटिओवर गादी घेऊन गेलो होतो, रात्री अकराला 95 होतं, अर्ध्या तासात गाशा गुंडाळला, बाबा आजही त्यावरून चिडवतो. आमच्या सगळ्या युक्त्या कशावर चालायच्या तर रात्रीवर. दिवसभर दारं लावून बसायचं कारण रात्र यायची. इथे रात्र येतच नाही. 2023 चा जुलै तुला आठवत असेल, तुझी स्विमिंग बंद केली होती तो. सलग 31 दिवस रोज 110 किंवा वर, आणि एका रात्री तर पारा 97 च्या खाली उतरलाच नाही. त्या वर्षी आपल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेनं 645 माणसं गेली. इथे एसीला चैन म्हणणं वेडेपणा आहे, हे मला कळतं. आमच्याकडे माठ होता तसा इथे एसी.

माठावरून आठवलं. इंडियन स्टोअरमधून मी तो माठ आणला तर तू एक घोट घेऊन म्हणालीस चिखल पितेय असं वाटतं. ती चव आहे ना, त्यासाठीच मी आणला. आजी त्यात वाळ्याची जुडी टाकायची, तो वास आणि मातीचा वास मिळून जे होतं ते मला सांगता येणार नाही. मजा म्हणजे इथे पाणी सांगलीपेक्षा गार होतं. माठातून पाणी बाहेर पाझरतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, मग हवा जितकी कोरडी तितकं जास्त गार. सांगलीला वळवाच्या आधी हवा दमट झाली की पाणी कोमटच राहायचं, आजी म्हणायची "माठ रुसलाय." इथल्या जुन्या घरांच्या छपरावर ते चौकोनी खोके असतात ना, स्वॅम्प कूलर, ते पण हेच करतात, आणि जुलैत दमट वादळं सुरू झाली की ते पण रुसतात.

तर, मराठी थिंग आहे का. बाबा नागपूरचा, तो काही कमी मराठी नाही. त्यांच्याकडे पारा 45 सेल्सिअसच्या वर जातो, आणि होळी झाली की कूलर माळ्यावरून खाली काढायचा, नवीन ताट्या बसवायच्या, खिडकीत लावायचा आणि चार महिने त्याच्या समोर पथारी. सहन वगैरे भानगडच नाही. वर हे पण आहे की भारतात 2020 पासून नवीन एसी चालू केला की आपोआप 24 वर सुरू होतो, तसा नियमच आहे, 24 म्हणजे 75, म्हणजे जवळजवळ बाबाचाच आकडा. हा पॅरा त्याला वाचायला देऊ नकोस.

म्हणजे मराठी थिंग नाहीये, आपल्या घरची आहे. माझ्या घरची.

आणि आता जे लिहितेय ते मी आजपर्यंत कुणाशी बोलले नाहीये. आबा हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे. एप्रिलमधे यार्डात हळदीचा सीझन, दुपारी घरी यायचे तेव्हा कॉलर पिवळी, घामानं बनियन पिवळं. आले की आजी हातात गुळाचा खडा द्यायची आणि माठातलं पाणी, पण लगेच नाही, "आधी घाम मुरू दे." मग आबा पंख्याखाली. मग आम्ही पोरं पंख्याखाली जेवायला. आणि आजी मागं, पत्र्याखाली, तवा तापलेला, एकेक भाकरी थापून गरम गरम आणून वाढायची. शेवटी दोन-अडीचला तिथंच पाटावर बसून जेवायची. तिच्या पाठीवर ब्लाउज पूर्ण ओला असायचा, एवढं मला दिसतं अजून, आणि मी उठून तिला म्हणाले नाही कधी की आई तू पुढं ये, पंख्याखाली बस. कुणीच म्हणालं नाही. सगळे म्हणायचे काय सोशीक बाई आहे.

वर्षातून एक दिवस पंखा बायकांचा असायचा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. त्या दिवशी आबा बाहेर कट्ट्यावर, आणि पुढच्या खोलीत वीस-पंचवीस बायका, आंब्याची डाळ, मोठ्या पातेल्यात पन्हं, ओले हरभरे, आणि आजी पंख्याच्या बरोबर खाली बसलेली, जरीची साडी, कपाळावरचं कुंकू घामानं न ओघळलेलं. तू मला विचारलं होतंस एकदा की चैत्रातलं हळदीकुंकू कशासाठी करतात. माहेरी आलेल्या गौरीचं कौतुक, असं मी सांगितलं होतं, ते बरोबरच आहे. पण मला विचारशील तर त्या दिवशी आजी पंख्याखाली बसायची.

म्हणून तुझा प्रश्न लागला. गच्चीची गंमत खरी आहे, ती मी खोटी म्हणणार नाही, पण ती गंमत आमची होती. अनकम्फर्टेबल कोण होतं ते वेगळं.

2017 ला मी पैसे पाठवले आणि बापूमामानं विश्रामबागच्या फ्लॅटमधे एसी बसवला. तुला माहितीच आहे त्याचं काय झालं. आपण गेलो की लावायचा, पहाटे पाचला बंद, "हाडं धरतात" म्हणून, आणि तू घामेजून उठायचीस. आपण निघालो की त्यावर जुन्या साडीचं कव्हर. बिलाचा प्रश्न नाही, बिल मी भरते. गेल्या मे मधे आजी भर दुपारी स्वयंपाकघरात घेरी येऊन पडली, शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, आणि मला फोनवर काय सांगते, "काही नाही गं, जरा ऊन लागलं." घरात ऊन! मी इथून ओरडले तिला, अक्षरशः ओरडले, एवढा एसी घेऊन दिलाय तो काय पूजेला ठेवलाय का, कुणासाठी वाचवतेयस. आणि त्याच रात्री, तुला खोटं वाटेल, किचनमधून बेडरूमकडे जाता जाता हात गेला आणि 82 केलं. बाबा काही बोलला नाही, त्यानं मागून येऊन 76 केलं.

तुझ्या मैत्रिणीला परत बोलव. ती असेल तेव्हा आकडा तुम्ही ठरवा, मी थर्मोस्टॅटजवळून जाणार नाही. एरवी रात्री 78 चालेल का? 77? सांग, पण बाबाशी युती करून येऊ नकोस. आणि माठ मी काढणार नाही, तो राहू दे खिडकीत, तुला नको तर नको पिऊ.

यंदा शाळा सुटल्या सुटल्या जायचं ठरवतेय मी, मे अखेर. भर उन्हाळ्यात कशाला म्हणून आजी आत्ताच कुरकुरतेय. गेलो की एक काम तुझं, मला ती देत नाही, नातीला नाही म्हणणार नाही. एसीचा रिमोट देवघराखालच्या खणात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. सेल त्यात नसतात, खराब होतील म्हणून तिनं काढून ठेवलेत, ते चहाच्या जुन्या डब्यात बघ.

आई